न लिहिलेले नाटक आणि न वाचला जाणारा मजकूर : डिजिटल कृतींच्या कॉपीराइटची प्रस्तावना

दशावतारी नाटकाला संहिता नसते. आज कोणते आख्यान लावायचे हे रंगपटातच ठरते, भूमिका वाटल्या जातात, आणि मग सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या मसुऱ्यापासून गोव्यातल्या पेडण्यापर्यंतच्या पट्ट्यात कुठल्याही देवळासमोर पहाटेपर्यंत चालणारे संवाद नट उभ्या उभ्या रचतात. तेच आख्यान दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावात लागले तर कथा तीच राहते, शब्द मात्र वेगळे येतात. हे नाटक बोलले जाते, पाहिले जाते, पण कुणी लिहिलेले नसते.

संगणकाच्या प्रोग्रॅमचे नेमके उलटे आहे. तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत लिहिलेला असतो, पण रसिकाने वाचावा म्हणून कुणी तो लिहीत नाही. त्याचा खरा वाचक यंत्र आहे. वापरणाऱ्याला दिसतो तो फक्त त्याचा परिणाम, म्हणजे छापलेले बिल, आरक्षित झालेले तिकीट, पडद्यावर उमटलेले मराठी अक्षर.

लेखक, पुस्तक आणि छापखाना डोळ्यांसमोर ठेवून घडलेल्या कॉपीराइटच्या कायद्यात या दोन्ही गोष्टींना सहज जागा नव्हती. भारतात दोघांनाही ती नीट मिळाली ती एकाच दुरुस्तीत. संसदेने १९९४ साली संमत केलेली ही दुरुस्ती १० मे १९९५ रोजी लागू झाली. तिने 'संगणक प्रोग्रॅम' या शब्दाची व्याख्या केली, आणि तिनेच नट, गायक, वादक यांना त्यांच्या प्रत्यक्ष सादरीकरणावर हक्क दिला. डिजिटल कृतींचा कायदा समजून घ्यायचा तर हे दोन धागे एकत्र धरणे सोयीचे, कारण आज दशावतारी रात्रही मोबाइलमधली एक फाइल होऊन फिरते.

मूळ कायदा १९५७ चा. तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आहे. मराठीत त्याला प्रताधिकार, स्वामित्वहक्क असे शब्द आहेत, पण व्यवहारात कॉपीराइट हाच शब्द रुळला आहे. या हक्काचा गाभा थोडक्यात असा, की कल्पना कुणाच्याही मालकीची नसते. ती ज्या रूपात मांडली गेली, त्या मांडणीवर मांडणाऱ्याची मालकी असते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स या खटल्यात हे तत्त्व ठळकपणे मांडले. 'हम हिंदुस्तानी' या नाटकावरून 'न्यू दिल्ली' हा चित्रपट उचलल्याची ती तक्रार होती. प्रांताभिमान हा दोन्हींचा विषय असला तरी मांडणी निराळी आहे, म्हणून हक्कभंग झालेला नाही, असा निकाल लागला. दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा हक्क कृती निर्माण होताच जन्मतो. त्यासाठी अर्ज, शिक्का, फी काहीही लागत नाही.

सॉफ्टवेअर या कायद्यात आले ते साहित्य म्हणून. १९८४ च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रॅमचा समावेश 'साहित्यकृती'च्या व्याख्येत केला. कथा, कविता, निबंध यांच्या शेजारी प्रोग्रॅमला बसवणे विचित्र वाटते, पण त्यामागे हिशेब होता. अमेरिकेने १९८० मध्ये हीच वाट धरली होती. प्रोग्रॅमला साहित्य मानले की कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारातल्या सर्व देशांत त्याला आपोआप संरक्षण मिळते, नवा करार करावा लागत नाही. पुढे १९९५ पासून लागू झालेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारानेही हेच बंधन घातले. आजच्या व्याख्येनुसार प्रोग्रॅम म्हणजे संगणकाकडून एखादे काम करवून घेऊ शकणारा सूचनांचा संच. मग तो शब्दांत असो, संकेतांत असो, की फक्त यंत्राला वाचता येईल अशा रूपात. त्यामुळे प्रोग्रॅमर लिहितो तो सोर्स कोड आणि यंत्र चालवते तो ऑब्जेक्ट कोड या दोघांनाही संरक्षण आहे. माहितीचे तक्ते आणि डेटाबेसही साहित्यकृतीतच मोडतात.

पेटंटचा रस्ता मात्र भारताने अरुंद ठेवला आहे. पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार निव्वळ संगणक प्रोग्रॅमला पेटंट मिळत नाही. डिसेंबर २००४ च्या वटहुकमाने ही अट सैल करायचा प्रयत्न झाला, तो संसदेने २००५ मध्ये स्वीकारला नाही. तो निर्णय योग्य होता. पेटंट कल्पनेच्या वापरालाच कुलूप लावते. कॉपीराइट फक्त लिहिलेल्या मजकुराला. समजा, मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्यांची तिकिटे देणारा एक प्रोग्रॅम कुणी तयार केला. त्याचा कोड कुणी उतरवून घेतला तर तो हक्कभंग. पण मसुऱ्यातल्या एखाद्या मुलीने तो कोड न पाहता, तेच काम करणारा प्रोग्रॅम स्वतःच्या बुद्धीने लिहिला, तर तिला कुणी अडवू शकत नाही. होडीची फेरी, जागांची मोजणी, तिकिटाची पावती या गोष्टी कुणाच्याच नाहीत. लहान गावांतून नवे प्रोग्रॅमर उभे राहायचे असतील तर ही मोकळीक हवीच.

प्रोग्रॅमच्या मालकाला त्याची प्रत काढणे, विकणे, भाड्याने देणे, त्यात बदल करणे हे हक्क आहेत. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ ने कायदेशीर प्रत घेणाऱ्यालाही बरेच काही दिले आहे, आणि ते कमी लोकांना ठाऊक असते. प्रत हरवू नये म्हणून राखीव प्रत काढून ठेवता येते. ज्या कामासाठी प्रोग्रॅम घेतला त्या कामापुरता त्यात फेरफार करता येतो. दोन प्रोग्रॅम एकमेकांशी जुळावेत यासाठी लागणारी माहिती, ती सहजासहजी दुसरीकडे मिळत नसेल तर, प्रोग्रॅममधून काढून घेता येते. तो कसा चालतो हे पाहून, तपासून त्यामागची तत्त्वेही शिकता येतात. याच्या दुसऱ्या टोकाला कलम ६३ब आहे. फोडलेली किंवा चोरीची प्रत आहे हे माहीत असूनही ती संगणकावर वापरली, तर किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर भागवू शकते. म्हणजे प्रत विकणाऱ्यासारखाच, ती टाइपसेटिंगसाठी वापरणारा डीटीपीवालाही या कायद्याच्या कक्षेत येतो.

साहित्याचा साचा प्रोग्रॅमला सगळीकडे नीट बसला नाही, हे मुदतीवरून दिसते. भारतात साहित्यकृतीचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. ही मुदत आधी ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ अखेर संपत होता, त्या पार्श्वभूमीवर ती वाढवली गेली. कादंबरीला हे शोभते. पण विसाव्या पंचविसाव्या वर्षी लिहिलेला आणि दहा वर्षांत निरुपयोगी होणारा प्रोग्रॅम, लेखक दीर्घायुषी ठरला तर शंभराहून अधिक वर्षे बंदिस्त राहतो. तो मुक्त होईल तेव्हा तो चालवू शकणारे यंत्र संग्रहालयातही मिळायचे नाही. सॉफ्टवेअरला इतकी मुदत देण्यात समाजाचा काहीच लाभ नाही.

डेटाबेसचा प्रश्न 'ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाचे निकाल संपादित करून छापणाऱ्या प्रकाशकाची तक्रार होती, की आपला मजकूर घेऊन सीडीवर निकालसंग्रह विकले जात आहेत. डिसेंबर २००७ च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की मूळ निकाल सर्वांचे आहेत आणि केवळ घाम गाळला म्हणून मालकी येत नाही, थोडी तरी सर्जक निवड हवी. शीर्षटिपा, परिच्छेदांची संपादकीय विभागणी यांना मात्र संरक्षण मिळाले. किनाऱ्यावरच्या भाषेत सांगायचे तर भरती-ओहोटीच्या वेळा कुणाच्या मालकीच्या नाहीत. त्या निवडून, टिपा देऊन, मच्छीमाराला उपयोगी पडेल अशी केलेली मांडणी करणाऱ्याची आहे.

आता दशावताराकडे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयापुढे देव आनंद यांच्या एका चित्रपटावरून वाद गेला होता. नटाचा अभिनय ही कॉपीराइटची 'कृती' नाही, असे न्यायालयाने ठरवले, कारण तेव्हाच्या कायद्यात तशी तरतूदच नव्हती. नाट्यकृतीच्या व्याख्येतही एक अट आहे. तिचे रूप लेखी किंवा अन्य प्रकारे 'निश्चित' झालेले असले पाहिजे. गंगाराम गवाणकर यांचे 'वस्त्रहरण' हे लिहिलेले नाटक, म्हणून त्याला या कायद्याचे संरक्षण. पण ज्या दशावताराच्या आणि गावच्या नाटकाच्या हौसेवर 'वस्त्रहरण' उभे राहिले, त्या दशावतारातला रात्रीचा संवाद हवेत विरून जाणारा. त्याला कलमच नव्हते.

१९९४ च्या दुरुस्तीने ही उणीव भरून काढली. कलम ३८ ने सादरकर्त्याला स्वतंत्र हक्क दिला, आणि सादरकर्ता म्हणजे कोण याची यादी वाचण्यासारखी आहे : नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार, गारुडी, व्याख्याता. दशावतारात संकासुराचे सोंग घेणारा, पेटी आणि पखवाज वाजवणारा, हे सगळे तीत येतात. आधी २५ वर्षांचा असलेला हा हक्क २००० पासून ५० वर्षांचा झाला. सादरीकरण झाले त्याच्या पुढच्या वर्षापासून ही ५० वर्षे मोजतात. २०१२ च्या दुरुस्तीने, जी २१ जूनपासून लागू झाली, आणखी दोन गोष्टी जोडल्या. सादरीकरणाचे चित्रण करणे, त्याच्या प्रती काढणे, ते लोकांपर्यंत पोचवणे यांवर सादरकर्त्याचा अनन्य हक्क आला. त्याचबरोबर आपले नाव लागावे आणि आपल्या कलेची मोडतोड होऊन बदनामी होऊ नये, हा नैतिक हक्कही आला.

याचा व्यवहारातला अर्थ नीट समजला पाहिजे. जत्रेत नाटक चालू असताना कुणी घरी पाहण्यासाठी दोन मिनिटांचे चित्रण केले, तर कायदा त्याला अडवत नाही. खाजगी वापर, शिकवणे, संशोधन, बातमीसाठीचा तुकडा यांना सूट आहे. पण पूर्ण रात्रीचे नाटक चित्रित करून चॅनेलवर टाकले, त्यावर जाहिराती आल्या, पैसे सुरू झाले, तर त्यासाठी कलाकारांची संमती हवी. चित्रपटात सादरीकरण घ्यायला कलाकाराने लेखी संमती दिली की, वेगळे ठरलेले नसल्यास, पुढे तो निर्मात्याला हरकत घेऊ शकत नाही; मात्र व्यापारी वापराबद्दल रॉयल्टी मागू शकतो. येथे 'लेखी' या शब्दावर सगळी मदार आहे. दशावतारी कंपन्यांचे व्यवहार परंपरेने शब्दावर चालत आले. सुपारी ठरते, रात्र ठरते, मेहनताना ठरतो, कागद होत नाही. चित्रणाच्या बाबतीत हा विश्वास कलाकाराच्या अंगाशी येतो, कारण संमती कशाला दिली, किती काळासाठी दिली, हे वीस वर्षांनी सांगणार कोण?

चित्रणाच्या मालकीचाही घोळ होतो. चित्रफितीच्या बाबतीत कायदा सांगतो, की मोबदला देऊन एखाद्याने ती करवून घेतली असेल तर पहिला मालक तोच. म्हणजे जत्रा मंडळाने पैसे देऊन कॅमेरावाला बोलावला, तर वेगळे ठरलेले नसल्यास फीत मंडळाची. प्रोग्रॅमला हा नियम लागू नाही. एखाद्या पतसंस्थेने बाहेरच्या मुलाकडून सॉफ्टवेअर लिहून घेतले आणि पूर्ण पैसे चुकते केले, तरी लेखी करार नसेल तर कोडचा मालक तो मुलगाच राहतो. संस्थेला फक्त वापराची परवानगी मिळते. तोच मुलगा संस्थेत पगारी नोकर असता आणि नोकरीचा भाग म्हणून त्याने कोड लिहिला असता, तर मालकी संस्थेकडे गेली असती. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९ नुसार सहीचा लेख लागतोच. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. कोकणातल्या संस्था, मंडळे आणि होतकरू प्रोग्रॅमर यांच्यात उद्भवणारे अनेक तंटे या चार ओळी न लिहिल्यामुळेच होतात.

दशावतारातले सगळेच कुणाच्या तरी मालकीचे असते असे नाही. पुराणातली आख्याने सर्वांची. जुन्या संगीत नाटकांतली पदेही मोकळी झाली आहेत. त्या पदांच्या रचनाकारांपैकी किर्लोस्कर १८८५ मध्ये, देवल १९१६ मध्ये, गडकरी १९१९ मध्ये वारले. खाडिलकरांचे निधन १९४८ चे, म्हणून त्यांच्या शब्दांवरचा हक्क २००८ अखेर संपला. मात्र त्याच पदाचे एखाद्या गायकाने केलेले ध्वनिमुद्रण ही निराळी कृती आहे आणि तिची मुदत प्रसिद्धीपासून ६० वर्षे चालते. शब्द मोकळे झाले म्हणून मुद्रण मोकळे होत नाही, हे विसरण्याची चूक सर्रास होते. याउलट वेंगुर्ल्याजवळ जन्मलेले चिं. त्र्यं. खानोलकर आणि शिरोड्याला शिक्षक म्हणून राहिलेले वि. स. खांडेकर हे दोघेही १९७६ मध्ये गेले. त्यांच्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रती हौसेने वाटल्या जातात, पण तो हक्क ३१ डिसेंबर २०३६ पर्यंत जिवंत आहे. मोल्सवर्थचा १८३१ चा आणि १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश मात्र कुणीही वापरावा, जोडावा, त्यावर ॲप बांधावे.

पिंगुळीच्या ठाकर समाजाची, चित्रे दाखवत कथा सांगणारी चित्रकथी हा आणखी निराळा प्रश्न. या परंपरेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या पोथ्यांना एकच लेखक नाही आणि मृत्यूची तारीखही नाही, त्यामुळे कॉपीराइटचे माप तिथे लागत नाही. आजच्या चित्रकाराने काढलेले नवे चित्र त्याचे. जुन्या शैलीवर समाजाचा सामूहिक हक्क मात्र या कायद्यात नाही. ही कायद्याची मोठी उणीव आहे.

डिजिटल युगासाठी २०१२ च्या दुरुस्तीने आणखी दोन कलमे घातली. हक्कभंगाच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडणे आणि फाइलमधली मालकीची माहिती जाणूनबुजून पुसणे, हे दोन्ही गुन्हे ठरून त्यांना २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. एखाद्या व्हिडिओवरचे नाव कापून तो पुढे पाठवणाऱ्याने हे दुसरे कलम लक्षात ठेवावे. व्हिडिओ साठवणाऱ्या मंचाकडे लेखी तक्रार करता येते. नियमांनुसार मंचाने ३६ तासांत ती फाइल बंद करायची आणि २१ दिवस बंद ठेवायची. त्या मुदतीत तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही तर ती पुन्हा खुली होऊ शकते.

हक्क राखण्याइतकाच तो मोकळा करण्याचाही मार्ग या कायद्यातूनच जातो. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे मालक नसलेले सॉफ्टवेअर नव्हे. १९८९ चा जीपीएल परवाना कॉपीराइटच्याच बळावर अट घालतो, की मूळ कोडात बदल करून पुढे वाटणाऱ्याने आपला बदललेला कोडही खुला ठेवावा. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने केलेला 'मुक्ता' हा देवनागरी फाँट खुल्या परवान्याखाली आहे; तो छापायला, पुस्तकात वापरायला कुणालाही पैसे पडत नाहीत. मराठी विकिपीडियावरचा मजकूरही श्रेय देण्याच्या आणि तोच परवाना पुढे चालवण्याच्या अटीवर खुला आहे. 'फुकट आहे म्हणून श्रेय नको' हा समज चुकीचा.

कृत्रिम बुद्धिमत्तेने या सगळ्याला नवा ताण दिला आहे. संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा लेखक म्हणजे ती घडवून आणणारी व्यक्ती, असे १९९४ च्याच दुरुस्तीत लिहिलेले आहे. पण यंत्राला शिकवताना वापरलेल्या लाखो कृतींचे काय, हा प्रश्न तिथे नाही. एएनआय या वृत्तसंस्थेने २०२४ मध्ये ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाखल केलेला दावा त्याविषयीच आहे. आवाजाच्या नकलेबाबत मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. ज्या नटाची ओळखच त्याच्या आवाजावर आणि बोलण्याच्या ढंगावर आहे, त्या दशावतारी नटालाही उद्या हा आदेश उपयोगी पडू शकेल.

नोंदणी सक्तीची नसली तरी ती करावी. नोंदवहीतला उतारा न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. साहित्यकृतीची, म्हणून प्रोग्रॅमचीही, फी ५०० रुपये आहे. २०२१ च्या नियमदुरुस्तीनंतर प्रोग्रॅमच्या अर्जासोबत सोर्स कोडची पहिली १० आणि शेवटची १० पाने द्यावी लागतात. कोड २० पानांहून लहान असेल तर तो पूर्ण. त्यातला कुठलाही भाग झाकता येत नाही. हक्कभंगाबद्दल मनाई हुकूम, नुकसानभरपाई आणि मिळालेल्या नफ्याचा हिशेब मागता येतो. हेतुपुरस्सर हक्कभंग हा गुन्हाही आहे. त्याला ६ महिने ते ३ वर्षे कैद आहे आणि तो दखलपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आहे.

एक तरतूद मात्र गावात राहणाऱ्या प्रत्येक लेखकाने, नटाने आणि प्रोग्रॅमरने ध्यानात ठेवावी. एरवी दिवाणी दावा लावायला प्रतिवादीच्या गावी किंवा जिथे घटना घडली तिथे जावे लागते. कॉपीराइटच्या बाबतीत कलम ६२ ने ही पायपीट वाचवली आहे. वादी जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात तो दावा लावू शकतो. त्यामुळे मसुऱ्यातल्या माणसाचा कोड बेंगळुरूत उचलला गेला किंवा त्याच्या नाटकाची फीत दिल्लीतून विकली गेली, तरी त्याला ओरोसच्या सिंधुदुर्ग जिल्हा न्यायालयात दावा दाखल करता येतो.